गौरव-उंची

माणसाच्या हातून पराक्रम घडला की समाजावर एक जबाबदारी येऊन पडते, आणि ती जबाबदारी शक्य तितक्या लवकर, म्हणजे एकाच संध्याकाळी, उरकता यावी म्हणून सत्काराची प्रथा पडली आहे. शाल, श्रीफळ, हार आणि दोन शब्द. एवढ्यात दोन्ही पक्ष मोकळे होतात. जगात ज्या प्रदेशांत ही प्रथा नाही तिथल्या लोकांना आपल्या खेळाडूंसाठी भलभलती कामं करावी लागतात, असं ऐकिवात आहे.

आमचा प्रदेश त्या मानाने सुधारलेला आहे. बोरी अरब पंचक्रोशी गुणवंत सत्कार समितीचा मी नऊ वर्षं सचिव होतो. त्याआधी पंचायत समितीत आवक-जावक बघत असे, त्यामुळे आलेली गोष्ट पुढे पाठवण्याची सवय होती. समितीत चौदा सदस्य. अध्यक्ष बापूजी, वय पंचाहत्तर, उंची पाच फूट दोन इंच, आवाज माईकशिवाय तीन गल्ल्या. स्थापनेपासून समितीने दोनशे बारा सत्कार केले. त्यांत दहावी-बारावीचे विद्यार्थी शहाण्णव, बदलून आलेले अधिकारी एक्कावन्न, बदलून गेलेले अधिकारी एक्कावन्न (तेच), सेवानिवृत्त तेरा, आणि एक विमा एजंट. तो सभागृहात पत्ता विचारायला आला होता. मुळात त्याला बोलायचं होतंच, तेव्हा त्याने दोन शब्दही छान केले.

वरच्या शहाण्णवांत एक नाव चौदा वेळा धरलेलं आहे, कारण खेळाडूंसाठी वेगळा रकाना नव्हता. ते नाव कहकशां निजामुद्दीन शेख.

कहकशांची उंची सहा फूट एक इंच आहे. ही माहिती आधी देण्याचं कारण एवढंच की तिच्याविषयी गावात सगळ्यांना ठाऊक असलेली ती एकमेव गोष्ट आहे. तिचे वडील निजामभाई बाजाराच्या रस्त्यावर फवारणीचे पंप आणि मोटारी दुरुस्त करतात, वेल्डिंगही करतात. आई शबानाभाभी शिवणकाम करायच्या. मुलगी अकराव्या वर्षी बापाच्या खांद्याला लागली, बाराव्या वर्षी कानाला, आणि तेराव्या वर्षी दुकानाच्या पत्र्याला. "कपडा उसवू उसवू थकली मी," शबानाभाभी शेजारणींना सांगत. "हे पोट्टी वाढून राह्यली का दोडक्याचा वेल वाढून राह्यला, समजूनच नाही राह्यलं."

एके दिवशी विमलताई पंप दुरुस्तीला घेऊन आल्या. विमलताई तेव्हा शाळेत शिक्षिका होत्या, घरची सोळा एकर कपाशी-सोयाबीन, आणि कॉलेजात असताना त्या बास्केटबॉल खेळत (हे गावात कोणालाही माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं). निजामभाईंनी आवाज दिला तशी मुलीने स्टूल न घेता सर्वांत वरच्या फळीवरचं नोझलचं खोकं काढून दिलं. विमलताई पंप विसरल्या.

"निजामभाई, हे पोरगी मले द्या."

"पंपाच्या बदल्यात?"

"संध्याकाळचे दोन घंटे."

निजामभाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी आधीच चपला घालत होती.

मैदान म्हणजे विमलताईंचं खळं. निजामभाईंनी सळई वाकवून रिंग केली. विमलताईंचं जुनं नियमांचं पुस्तक दुकानात आणून त्यांनी दोन संध्याकाळी वाचून घेतलं आणि टेप लावून रिंग बसवली. व्यास अठरा इंच, जमिनीपासून उंची दहा फूट, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. सोयाबीन निघालं की खेळ बंद, तूर निघाली की खेळ बंद. कहकशांची प्रगती दोन पिकांच्या मधल्या काळात झाली. खळ्यावर चेंडू आपटला की ढेकळावरून भलतीकडे जाई, म्हणून तिने चेंडू खाली न आणता वरच्या वर देण्याघेण्याची सवय लावली. पुढे परदेशातल्या प्रशिक्षकाला या पद्धतीचं फार कौतुक वाटलं. कुठल्या अकादमीत शिकलीस, असं त्याने विचारलं. सोयाबीनच्या खळ्यावर, असं तिने सांगितलं. त्याने ते नाव लिहून घेतलं.

शाळेच्या संघातून ती जिल्ह्याच्या संघात गेली, तिथून राज्याच्या. विसाव्या वर्षी एका मोठ्या खात्याच्या संघात खेळाडू म्हणून नोकरी लागली. चोविसाव्या वर्षी पोर्तुगालमधल्या एका लहानशा गावच्या क्लबने तिच्याशी करार केला, म्हणजे खेळणं हाच तिचा धंदा झाला. या प्रत्येक पायरीवर समितीने तिचा सत्कार केला. ती सुट्टीला येई, आम्ही गाठत असू. एकदा ती नुसती दाढ दुखते म्हणून आली होती. तेव्हाही केला.

सत्काराचा आत्मा म्हणजे बॅनर. पहिल्या बॅनरवर 'सुप्रसिद्ध हॉकीपटू' असं छापून आलं. दुसऱ्यावर 'बास्केटबॉलपटू श्री. कहकशां'. तिसऱ्यावर सर्व बिनचूक होतं, पण चौदा सदस्यांचे फोटो लावल्यावर जी जागा उरली तिच्यात ती बसेना (उंचीमुळे), म्हणून फक्त चेंडू छापला. तो व्हॉलीबॉलचा निघाला.

हार घालण्याची अडचण वेगळी होती. बापूजींसाठी आम्ही एक स्टूल घेतलं. सातव्या सत्काराला त्या स्टुलाचा पाय सरकला आणि बापूजी हारासकट हवेत गेले. सभागृहात कोणाला काही कळायच्या आत कहकशांने एक पाऊल मागे टाकून त्यांना दोन्ही हातांत वरच्या वर झेललं आणि अलगद खाली ठेवलं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: 'ज्येष्ठांचा खेळाडूला भक्कम आधार'.

या काळात तिला आलेली स्थळं नऊ. उंचीवरून परत गेलेली सात. आठवा मुलगा स्वतः सहा फुटांचा होता, पण त्याच्या आईला फोटो बरोबर वाटला नाही. नवव्याने पायरीवर उभं राहून होकार दिला, आणि पायरी उतरून यायला सांगितल्यावर विचार करून कळवतो म्हणाला. तो अजून विचार करतो आहे.

सत्कार झाला की सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचे असतात. त्यात तिने मी कोणामुळे घडले ते सांगावं आणि बसावं, अशी अपेक्षा असते. कहकशां मात्र दर वेळी एकच गोष्ट मागे. "गावात एक कोर्ट पाहिजे. सिमेंटचं चालते. पोट्ट्या खेळतीन."

आठव्या सत्कारानंतर समितीने हे मनावर घेतलं आणि ठराव केला: 'कु. कहकशां यांच्या मागणीनुसार मौजे बोरी अरब येथे तात्काळ कोर्ट मंजूर करण्यात यावे.' ठराव वर गेला. वरून आणखी वर गेला. दीड वर्षाने उत्तर आलं की तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी व फौजदारी न्यायालय असून आपल्या गावातील खटल्यांची अल्प संख्या पाहता स्वतंत्र कोर्टाची आवश्यकता दिसून येत नाही.

बापूजींना हा गावाचा अपमान वाटला. "आपल्या गावात भांडनं कमी हायेत म्हनते का? दाखवू त्याहिले!" तीन आठवड्यांत आम्ही सत्तेचाळीस तक्रारी गोळा केल्या. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, एकोणीस, नालीच्या पंधरा, कोंबड्यांच्या नऊ, किरकोळ चार. काही तक्रारदारांना आपली तक्रार आहे हे माहीत नव्हतं. ते समजावून सांगावं लागलं. प्रस्ताव पुन्हा जायच्या बेतात असताना विमलताईंनी तो वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"बापूजी," त्या शेवटी म्हणाल्या, "कोर्ट म्हनजे खेळाचं मैदान."

प्रस्ताव सुधारण्यात आला. तक्रारी मात्र मागे घेता आल्या नाहीत, आणि दोन सख्खे भाऊ अद्याप एकमेकांशी बोलत नाहीत.

यथावकाश मैदान मंजूर झालं. गावाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ, सिमेंटचं. रिंग एकच, दुसरी पुढच्या टप्प्यात. खांब उभा करायच्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने विचारलं, रिंग किती फुटांवर लावू. त्या वेळी कहकशां पोर्तुगालात होती, विमलताई लग्नाला कळंबला गेल्या होत्या, आणि निजामभाईंना कोणी बोलावलं नव्हतं. निर्णय समितीला घ्यावा लागला.

"कायद्यानं किती असते?" बापूजींनी विचारलं.

"दहा फूट," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

"दहा फूट तं सगळ्याच गावात असते." बापूजी काही क्षण आकाशाकडे बघत राहिले. "आपली ताई केवढी उच्ची! तिले दहा फुटावर रिंग म्हनजे हात वर केला का झालं. मानसाचा काही मान ठेवा लागते. तेरा करा."

ठरावात 'तेरा फूट' एवढंच कोरडं दिसलं असतं, म्हणून मी 'गौरव-उंची' हा शब्द घातला. तो पुढे फार वापरला गेला. जमिनीपासून तेरा फुटांवर रिंग असलेलं आमचं मैदान बहुधा एकमेव असावं. उद्घाटनाचा चेंडू प्रमुख पाहुण्यांनी अकरा वेळा फेकला. अकराव्या वेळी तो रिंगपर्यंत पोहोचल्याचं जाहीर करण्यात आलं.

गावातल्या मुली तीन दिवस येऊन गेल्या. त्यांच्यात अपेक्षा नावाची आठवीतली एक मुलगी होती, ती चौथ्या दिवशीही आली. पाचव्या दिवशी मैदानावर मिरच्या वाळत घालण्यात आल्या. सिमेंट चांगलं तापतं, हे मान्य केलं पाहिजे.

त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये एका सामन्यात उडी मारून खाली येताना कहकशांचा गुडघा आतून फाटला. शस्त्रक्रिया झाली. क्लबने सहा महिने वाट पाहिली, फुलं पाठवली, आणि करार पुढे वाढवला नाही. एकदा मी त्यांच्या मैदानाचा फोटो पाहिला होता. आपल्या बोरी अरबपेक्षा लहान गाव, आणि आत लाकडी जमीन, आरशासारखी. त्या गावात सत्कार समिती नाही म्हणे. एकेका गावाचं दुर्दैव असतं.

कहकशां फेब्रुवारीत घरी आली, हातात काठी घेऊन. वय सत्तावीस. दुसऱ्याच दिवशी ती मैदान बघायला निघाली. चौदावा सत्कार आठवडाभर आधीच ठरला असल्यामुळे वेळ नक्की करायला मी बरोबर गेलो. मिरच्या बाजूला सारून ती खांबाखाली उभी राहिली. वर पाहिलं. मागे सरकून पुन्हा पाहिलं.

"काका, हे रिंग इतक्या वर काहून हाय?"

"ती गौरव-उंची आहे, बेटा. तुझ्याच सन्मानार्थ."

"माह्या?"

"समितीचा ठराव आहे."

अपेक्षा चेंडू घेऊन तिथेच उभी होती. कहकशांने काठी तिच्याकडे दिली, चेंडू घेतला, चांगल्या पायावर भार घेतला आणि फेकला. चेंडू रिंगच्या हातभर खालून निघून गेला. तिने पुन्हा फेकला. पाच वेळा फेकला. मग ती मिरच्यांशेजारी खाली बसली.

"ताई," अपेक्षाने हळूच विचारलं, "तुमाले बी नाही जमत?"

कहकशां आधी हसली. मग तिने ओढणीने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिली. मिरच्यांमुळे डोळ्यांत जळजळ झाली असावी, असं मी त्या वेळी मनाशी धरलं.

"जमत होतं वो," ती म्हणाली. "दहा फुटावर जमत होतं. मी आता खेळून नाही राह्यली, काका. खेळनाऱ्या ह्या हायेत. ह्याहिले कायले शिक्षा देता माह्या नावानं?"

मी हा मुद्दा समितीपुढे ठेवतो असं सांगितलं. तोवर चौदावा सत्कार पार पडला.

समितीने विचार केला. गौरव वाढवण्याचा नमुना आमच्याकडे होता, कमी करण्याचा नव्हता. शिवाय खांबावर कोनशिला, कोनशिलेवर पाहुण्यांचं नाव, आणि नावाखाली 'गौरव-उंची १३ फूट' असं कोरलेलं. उंची बदलली तर पाहुणे खोटे ठरतात. विषय पुढच्या बैठकीत घेण्याचं ठरलं. पुढच्या बैठकीत तो त्याच्या पुढच्या बैठकीत घेण्याचं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात निजामभाई गॅस कटर घेऊन मैदानावर पोहोचले. मला निरोप मिळाला आणि मी सायकल काढली.

"निजामभाई, हात लावू नका! सार्वजनिक मालमत्ता आहे!"

"तोडून नाही राह्यलो ना, भाऊ. तीन फूट खाली घेतो. अर्ध्या घंट्याचं काम."

"गौरव-उंची आहे ती."

"गौरव काय तिथं वर बसून वाट पाहून राह्यला का?" निजामभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त त्रास झाला. "माह्या पोरीसाठी मी रिंग बसवली तवा कोनाचा ठराव नव्हता. दहा फूट म्हनजे दहा फूट. तुमी चौदा जन बसले, एकाले टेप नाही सापडला?"

मी गुन्हा दाखल होईल म्हणालो. हे सांगताना मला सचिव म्हणून समाधान वाटलं, आणि दुसरं काय वाटलं ते सांगायला इथे रकाना नाही. निजामभाईंनी कटर गुंडाळला आणि गेले.

यावर उपाय विमलताईंच्या शेतात निघाला. त्या वर्षी त्या शेततळं खोदत होत्या आणि त्याचा मुरूम कुठे टाकावा याची त्यांना पंचाईत पडली होती. त्या निजामभाईंच्या दुकानात बसल्या असताना कहकशां म्हणाली, "ताई, रिंग खाली येत नाही ना? नको येऊ. जमीन वर नेऊ."

हा विचार इतका सरळ होता की तो समितीच्या कोणाही सदस्याला सुचणं शक्य नव्हतं.

मैदानावर मुरूम टाकू नये असा ठराव नव्हता. मी तपासून पाहिलं. विमलताईंचा ट्रॅक्टर बाबूसिंग चालवायचा. त्याने अकरा दिवसांत अडुसष्ट ट्रॉल्या ओतल्या. रिंगपुढचं अर्धं मैदान भरायचं होतं. कडेने धुऱ्याचे दगड रचले. मुली आणि त्यांच्या आया पाटीने मुरूम पसरवत, पाणी मारत, आणि बाबूसिंग ट्रॅक्टर पुढेमागे करून दाबे. कहकशां काठीने दाखवत असे, इथे खड्डा, इथे टेंगूळ. शबानाभाभींनी शेवटच्या दिवशी सगळ्यांना पुलाव केला. निजामभाईंनी खांबाला टेप लावला.

"नऊ फूट अकरा," ते म्हणाले. "एक इंच काढा."

एक इंच खरवडून काढला. मग त्यांनी टेप मिटला.

तक्रार अर्थातच झाली आणि पाहणीला एक साहेब आले. त्यांनी रिंग तपासली, खांब तपासला, आणि अहवाल दिला: 'रिंग मूळ जागी व सुस्थितीत आढळली. जमीन मात्र तीन फूट वाढलेली दिसून आली. जमीन वाढल्यास करावयाच्या कार्यवाहीबाबत सूचना नाहीत.' समितीने एकमताने जमिनीचं अभिनंदन केलं.

अर्ध्या मैदानावर आणि एका रिंगवर तिघी-तिघींचा बास्केटबॉल खेळता येतो, आणि त्याच्या रीतसर स्पर्धाही होतात. कहकशांने पंधरा मुलींना रोज सकाळी शिकवायला सुरुवात केली. आठ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, कळंबच्या मुलींना तिने सामन्यासाठी बोलावलं.

त्याच आठवड्यात समितीने तिचा पंधरावा सत्कार ठरवला होता, 'उत्कृष्ट मार्गदर्शक' म्हणून. पत्र द्यायला मी मैदानावर गेलो. सामना सुरू व्हायच्या बेतात होता. कहकशां दगडांच्या कडेवर बसली होती, दुखरा पाय लांब करून.

"सत्कार नको, काका," ती पत्र न घेताच म्हणाली. "चौदा शाली हायेत घरी. अम्मीनं त्याच्या गोधड्या शिवल्या. बसा. सामना पाहा."

"मला पुढे एका निवृत्तीला जायचं आहे."

"दहा मिनिटाचा असते सामना." (आमच्याकडे प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतालाच पंचवीस लागतात.) ती माझ्याकडे बघत होती. "काका, तुमी माहा एक तरी सामना पाह्यला का कधी?"

मी आठवून पाहिलं. उद्घाटनं पाहिली होती, बक्षीस समारंभ पाहिला होता. नागपूरला एकदा तिचा सामना होता तेव्हा आम्ही चौदाही जण गेलो होतो. पण पोहोचल्यावर आधी जेवून घेऊ असं ठरलं, आणि जेवण होईपर्यंत सामना संपला. समितीच्या वतीने आम्ही तिचा तिथेच सत्कार केला. ती घामाने भिजलेली होती म्हणून शाल नीट बसली नाही.

मी बसलो.

पहिली दोन मिनिटं मला काही कळलं नाही. चेंडू कोणाकडे आहे हे कळेपर्यंत तो दुसऱ्याकडे असे. मग मला एक मुलगी दिसली, जाडसर, चष्म्याला दोरी बांधलेली. ती काहीच करत नव्हती. नुसती जाऊन एका जागी उभी राही, कळंबची एखादी मुलगी तिच्यावर येऊन आदळे, मग ती दुसऱ्या जागी जाऊन उभी राही.

"ही पोरगी खेळत का नाही?" मी विचारलं.

"तेच तं खेळून राह्यली ते." कहकशां पुढे वाकली. "आता पाहा. अपेक्षाच्या मांगं लागलेली पोट्टी हाय ना, तिले हे अडवते. अंगावर घेते तिले. मंग अपेक्षाले रस्ता मोकळा. आता... पाहा..."

चष्मेवाली जाऊन उभी राहिली. कळंबची मुलगी तिच्यावर आपटली. अपेक्षा त्या दोघींच्या बाजूने निसटली, चेंडू वरच्या वर आला, वरच्या वर गेला, आणि जाळीतून खाली पडला. लोकांनी अपेक्षासाठी टाळ्या वाजवल्या. चष्मेवालीने चष्मा पुसला.

"तूही हेच करायचीस?" मी विचारलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "पेपरात नाही येत थे. लेकिन ज्याले खेळ समजते ना, थ्याले समजते." ती हसली. "म्हनून तं म्हनत होती, कोनी तरी या पाहाले."

यानंतर माझ्याकडून जे वर्तन घडलं ते सचिवपदाला शोभणारं नव्हतं. मी उभा राहिलो. मी पंचाला काही सूचना केल्या. शेवटच्या मिनिटाला सोळा-सोळा झाले तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला होता. तो कळंबचा निघाला. चष्मेवाली पुन्हा उभी राहिली, अपेक्षा पुन्हा निसटली, चेंडू रिंगच्या कडेवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. कळंबच्या मुलीने तो घेतला आणि टाकला. सतरा-सोळा. आम्ही हरलो.

'आम्ही' हा शब्द मी खोडणार होतो. पद्धतीप्रमाणे 'त्या' पाहिजे. पण राहू द्या.

अपेक्षा रडत होती. कहकशां काठी टेकत तिच्याकडे गेली, काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण दोन मिनिटांनी दोघी परत रिंगखाली होत्या, चष्मेवालीही होती, आणि चुकलेला तोच डाव पुन्हा सुरू होता. निवृत्तीचा कार्यक्रम मी विसरलो. पत्र माझ्या खिशात घामाने विरघळलं.

संध्याकाळी बापूजींनी बोलावलं.

"तुमी सामना पाह्यला म्हनते?"

"हो."

"पुरा?"

"पुरा."

बापूजी वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मंग आता कसं करता, भाऊ? आता तिच्यावर दोन शब्द बोला म्हटलं तं तुमी घंटाभर बोलसान. कोन कोनाले अडवते, कोन कोनाले रस्ता देते... कार्यक्रम बसते का असा?"

मी राजीनामा दिला, त्यांनी तो दुःखाने स्वीकारला, आणि शेवटच्या कर्तव्याचा भाग म्हणून माझ्या जागी कोण, हे सुचवण्याचं काम माझ्यावरच सोपवलं.

पात्रतेच्या अटी कडक आहेत. उमेदवाराला आपल्या मुलींच्या खेळाविषयी अभिमान असावा. असलं काही वाचताना तो अभिमान भरून यावा, शक्यतो घशापर्यंत. आणि त्याने मुलींचा एकही सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नसावा. मी गावभर शोधलं. गावात आता असा माणूस मिळणं कठीण होत चाललं आहे. सकाळी मैदानाच्या कडेला बसायला दगड पुरत नाहीत.

म्हणून, वाचकहो, मी तुमचं नाव दिलं आहे. बापूजींनी एकही प्रश्न न विचारता ते मान्य केलं. पदग्रहण येत्या रविवारी सकाळी आठला आहे. त्याच वेळी मैदानावर मुलींचा सामना असतो, पण त्यामुळे तुमची काही गैरसोय होईल असं वाटत नाही.